शंका विचारावी, मत मांडू नये

नेहरू नगरातल्या ज्या मंडळींनी या दिवाळी अंकाचा घाट घातला आहे, त्यांचं पत्र मला मागच्या महिन्यात आलं. अक्षर सुरेख, मायना आदराचा. आपण भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या पहिल्या पिढीतले, जुन्या अभ्यासमंडळाचे साक्षीदार; त्या काळी मतभेद असूनही वाद किती सुसंस्कृत असत याच्या चार गोड आठवणी नव्या पिढीला सांगाव्यात, अशी विनंती होती. गोड म्हणे! दोन दिवस ते पत्र टेबलावर पडून होतं आणि मी येता-जाता त्याच्याकडे बघत होतो. शेवटी बायको म्हणाली, "नाही लिहाचं त नाही म्हणून सांगा न जी. कागदावर काहून डोळे वटारून राहिले?"

तर लिहितो. पण गोड लिहिणार नाही, हे संपादकांनी आताच वाचून घ्यावं आणि छापायचं नसेल तर परत पाठवावं. माझी भाषा इथे जरा नीटनेटकी वाटेल. ती त्या अभ्यासमंडळातच शिकलो. तिथून मी आणखी काय काय उचललं, तेच सांगायला बसलो आहे.

आधी धंदा सांगतो, कारण मला गवंडी म्हटलं की लोकांना घराच्या भिंती बांधणारा वाटतो. मी भट्टीचा गवंडी. मेश्राम, भंडारा जिल्ह्यातला, सातवी पास. लोखंड वितळवायला कोक लागतो, आणि दगडी कोळसा भाजून कोक करायच्या ज्या भट्ट्या असतात त्या उंच, अरुंद खोल्यांसारख्या एकमेकींना चिकटून रांगेनं उभ्या असतात. अशा रांगेला आम्ही बॅटरी म्हणायचो. सगळं काम विटांचं. वीट साधी नव्हे, सिलिकाची. शेकडो आकार, आणि प्रत्येकीवर नंबर ठोकलेला. ही वीट तापली की फुगते, म्हणून भिंतीत मुद्दाम फटी ठेवायच्या आणि त्यांत पुठ्ठा घालायचा. भट्टी पेटल्यावर पुठ्ठा जळतो, वीट फुगते, फट मिटते. एकदा दिल्लीहून आलेल्या कुणा बड्या पाहुण्यानं भिंतीतला तो पुठ्ठा बघितला आणि ओरडला की हे लोक सिमेंटच्या जागी रद्दी भरून राहिले! रशियन साहेब दुभाष्याकडे बघतो, दुभाषी आमच्याकडे बघतो. आम्ही खाली मान घालून हसतो आहोत.

या सगळ्यात आमचा उस्ताद होता डोमाजी. तुमसरकडचा माणूस, पन्नाशीचा, काचेच्या कारखान्यांतल्या भट्ट्या बांधून बांधून पाठीत वाकलेला. अक्षरशत्रू. अंगठ्याचा माणूस. विटेवरचा नंबर त्याला वाचता येत नव्हता, पण वीट तळहातावर घेऊन एकदा फिरवली की ती कुठल्या थरात, कुठल्या बाजूला बसणार ते सांगायचा. मी त्याच्या शेजारी नकाशा धरून उभा असायचो, नंबर मोठ्यानं वाचायचो, आणि मी वाचेपर्यंत त्यानं वीट उचललेली असायची. दोन वर्षांत त्याची वीट चुकलेली मी पाहिली नाही.

त्याच्या टोळीत एक दंडक होता. भिंतीच्या एका टोकाला एक गवंडी, दुसऱ्या टोकाला दुसरा. थर पुरा झाला की दुसऱ्याचं काम तपासायचं. पण तपासायचं कसं? आपल्या जागेवरून बोट दाखवून नाही. त्याच्या टोकाला चालत जायचं, त्याच्या फळीवर उभं राहायचं, आणि त्याचीच पाणसळ त्याच्या थरावर ठेवून बघायचं. पाणसळ म्हणजे बुडबुड्याची पट्टी, साहेबांची लेव्हल, आमच्या तोंडी लेबल. मग तोंड न उघडता आपल्या टोकाला परत यायचं, आपली पाणसळ आपल्या थरावर ठेवायची, आणि मग बोलायचं. कोणी घाईघाईत तिकडूनच बोलायला लागला की डोमाजी डाफरायचा, "पयले आपल्या जागी ये लेका, मंग बोल!"

मला हा दंडक सुरुवातीला येडेपणा वाटायचा. एकदा माझ्या टोकावरून मला दिसलं की समोरच्या भिकाजीचा थर एका बाजूला उतरला आहे. चांगला कललेला दिसत होता. मी तिथूनच बोंब मारली, "उस्ताद, भिकाजीनं घाण करून ठेवली!" डोमाजीनं मला बखोटीला धरून भिकाजीच्या फळीवर नेऊन उभं केलं. तिथून बघतो तर थर सरळ. त्याची पाणसळ ठेवली, बुडबुडा मधोमध. निमूट परत आलो. माझी पाणसळ ठेवली, मधोमध. "उलटी कर," उस्ताद म्हणाला. टोकं फिरवून ठेवली, आणि बुडबुडा एका बाजूला सरकला तो तिथेच बसला. पट्टीच खोटी होती आणि कल माझ्या थराला होता. तीन थर उतरवावे लागले. भिकाजी स्वतः विटा उतरवायला आला. डोमाजी म्हणाला, "त्याच्या जागी गेल्याबिगर त्याचं समजत नाही, न् आपल्या जागी वापस आल्याबिगर आपलं समजत नाही. दोनी करा लागते."

आता अभ्यासमंडळाकडे येतो.

आमच्या विभागात दामले नावाचे इंजिनिअर साहेब होते. पुण्याकडचे, हुशार, सभ्य, कधी कोणाला अरे-तुरे न करणारे. एकदा दुपारच्या सुट्टीत मी पुडीचा कागद उलगडून वाचत बसलो होतो, ते त्यांनी बघितलं. काय वाचता, विचारलं. संसदेबद्दलचा लेख होता, अर्धा फाटलेला. "मेश्राम, तुम्हाला राज्यशास्त्रात रस आहे?" मला तर रस म्हणजे उसाचाच माहीत. पण हो म्हणालो. त्यांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, मग थोडं थांबून पुन्हा आडनाव विचारलं. मी त्याच्या काही वर्षं आधीच नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो होतो, त्यामुळे दुसऱ्यांदा सांगताना आवाज जरा चढाच लावला. साहेब हसले आणि म्हणाले, रविवारी सकाळी दहाला माझ्या क्वार्टरवर या.

रविवारी मी धुतलेला सदरा घालून रुआबांध्याच्या मजूर-झोपड्यांतून साहेबांच्या सेक्टरात पायी गेलो. बैठकीत बारा-पंधरा माणसं. इंजिनिअर, एक डॉक्टर, दोन मास्तर, एक हिशेब खात्यातले गृहस्थ. मंडळी राज्य म्हणजे काय, स्वातंत्र्य कशाला म्हणावं, कायदा मोडायचा हक्क माणसाला आहे की नाही, असल्या विषयांवर बोलत. आणि काय बोलत! कोणी कोणाला मध्ये तोडत नसे. "आपल्या मुद्द्याचा आदर राखून," "माझ्या विद्वान मित्रांना असं सुचवावंसं वाटतं." मी आयुष्यात पहिल्यांदा भांडण इतक्या हळू आवाजात ऐकलं. दामलेवहिनींनी चहा आणला. खरं सांगायचं तर कप सगळ्यांना सारखेच होते, माझा वेगळा नव्हता. मी नीट बघून घेतलं होतं.

एक नियम मात्र होता, दामलेसाहेबांनी पहिल्याच दिवशी गोड आवाजात सांगितला. ज्यानं मूळ इंग्रजी ग्रंथ वाचला असेल त्यानं मत मांडावं. बाकीच्यांनी शंका विचारावी, मत मांडू नये. "यात अपमान काही नाही, मेश्राम. ही शिस्त आहे." मला तो अपमान वाटला नाही, हीच तर लाज आहे. मला बरं वाटलं. आपण शिस्तीच्या ठिकाणी आलो असं वाटलं. वर्षभर मी शंका विचारल्या. मत असलं की त्याला प्रश्नाचं शेपूट लावायचो आणि सोडून द्यायचो. "मजुराला संपाचा हक्क नसेल तर त्याला स्वातंत्र्य आहे असं म्हणता येईल का, अशी मला शंका आहे." मंडळी कौतुकानं माना डोलवत. हिशेबवाले गृहस्थ एकदा म्हणाले, "वा, अगदी मार्मिक शंका!" त्या 'वा'वर मी आठवडाभर भिंती बांधल्या.

डोमाजीला सगळं सांगायचो. तो तंबाखू मळत ऐकायचा. "म्हंजे तू बोलत नाहीस तेथं?"

"शंका विचारतो न उस्ताद."

"शंका त मांजर पन विचारते, दूध हाये का म्हून," तो म्हणाला आणि वीट उचलून कामाला लागला.

मग मंडळात वादाचा कार्यक्रम ठरला. विषय असा: सुशिक्षित आणि अशिक्षित यांच्या मताला सारखंच वजन असावं काय? निवडणुका जवळ आल्या होत्या, त्यामुळे विषयाला धार होती. बाजू ज्याची त्यानं निवडायची नाही, चिठ्ठ्या काढायच्या. दामलेसाहेबांचं म्हणणं होतं की आपल्याला न पटणारी बाजू मांडता येणं हीच सुसंस्कृत माणसाची खूण. आणि या वेळी, खास अपवाद म्हणून, मेश्रामांनाही बोलू द्यावं. मी चिठ्ठी उघडली. 'नसावं.' म्हणजे मी उभं राहून सांगायचं की अडाणी माणसाच्या मताला शिकलेल्याच्या मताइतकं वजन देऊ नये.

तुम्हाला वाटेल की मी चिठ्ठी टाकून उठायला हवं होतं. माझ्या बापानं पहिल्या निवडणुकीत मत दिलं तेव्हा बोटावरची शाई पुसली जाऊ नये म्हणून त्यानं चार दिवस डाव्या हाताला पाणी लागू दिलं नव्हतं. अशा बापाचा मी मुलगा. पण मला उठायचं नव्हतं, मला बोलायचं होतं. वर्षभर तोंडाला कुलूप लावून बसलेला माणूस बोलायची संधी मिळाली तर काय बोलायचं ते बघत नाही.

आठवडाभर तयारी केली. डोमाजीला विचारलं, मला न पटणारी बाजू मांडायची आहे, कशी मांडू? त्यानं विषय काय ते विचारलंच नाही. मीही सांगितला नाही. तो म्हणाला, "भिकाजीच्या फळीवर गेला होता तसा जाय. त्याच्या जागी उभा राह्यला का दिसते सगळं बराबर."

मी गेलो. अगदी पुरता गेलो. दामलेसाहेबांच्या फळीवर उभा राहिलो, त्यांची पाणसळ हातात घेतली आणि बोललो. सुरुवात चाचरत झाली, मग सूर लागला. आणि शेवटी मी उदाहरण दिलं, जे मंडळातल्या कुणालाच देता आलं नसतं. मी म्हणालो, "आमच्या साइटवर एक गवंडी आहे. हात असा की मी दुसरा पाहिला नाही. पण त्याला नकाशा वाचता येत नाही, तो मी त्याला वाचून दाखवतो. उद्या मी नसलो तर? त्याला राबवून घ्यावं, त्याचा मान ठेवावा. पण सबंध भट्टी त्याच्या हाती द्याल का? आणि भट्टी देणार नसाल, तर देश कसा देता?"

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! दामलेसाहेब उठून आले आणि माझा हात हातात घेतला. "मेश्राम, अकाट्य! निव्वळ अकाट्य!" मी लाल झालो होतो. चहाचा कप ठेवायला आत गेलो तेव्हा वहिनी ओट्याशी उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही छान बोललात. पण तुम्हाला ते खरं वाटतं का हो?" मी हसून म्हटलं, "चिठ्ठीत आलं ते बोललो वहिनी." त्या हसल्या नाहीत. सबंध मंडळात मला मत विचारणारी ती एकच बाई, आणि तिला मी थट्टेवारी नेलं.

दोन महिने गेले. बॅटरीचं बांधकाम संपत आलं आणि साइटवर जो तो एकच विचारायला लागला, पुढे काय. आम्ही सगळे बांधकामावरचे, कच्चे. काम संपलं की घरी. ज्यांना प्लांट पक्क्या नोकरीत घेईल ते राहणार, बाकीच्यांनी दुसरं काम शोधायचं. डोमाजीची बायको आजारी असायची, इथल्या इस्पितळात तिला औषध सुरू होतं, आणि पन्नाशीच्या माणसानं पुन्हा नवी साइट, नवी झोपडी, नवा ठेकेदार बघायचा म्हणजे काय ते त्यालाच ठाऊक. त्याला इथे पक्कं व्हायचं होतं. "एक डाव पक्का झालो का बुढीले क्वार्टरात नेतो," एवढंच तो म्हणायचा. आम्ही म्हणायचो, उस्ताद, तुम्हाला नाही घेतलं तर कोणाला घेतील? तो रुबाबात मान हलवायचा.

ट्रेड टेस्ट झाली. समितीवर दामलेसाहेब होते. आजवर गवंड्याची परीक्षा म्हणजे वीट आणि थापी-करणी द्यायची, थर लावून दाखव म्हणायचं. या वेळी आधी नकाशा द्यायचा आणि वाचून दाखव म्हणायचं, असं ठरलं होतं. त्यात जो पडेल त्याला विटेपर्यंत न्यायचंच नाही. माझा नंबर डोमाजीच्या मागे होता, त्यामुळे मी दारातून बघितलं. त्याच्या हातात कागद दिला. त्यानं तो सवयीनं तळहातावर ठेवला, वीट फिरवतात तसा फिरवला, मग टेबलावर ठेवला आणि उभा राहिला. "वीट द्या जी," तो म्हणाला. कारकुनानं पुढचं नाव पुकारलं. पुढचं नाव माझं होतं. मी आत गेलो आणि नकाशा घडाघडा वाचला. दोन वर्षं त्यालाच तर वाचून दाखवत होतो.

यादी लागली. मी होतो, भिकाजी होता. डोमाजी नव्हता.

मी दामलेसाहेबांच्या खोलीत शिरलो तो विचारून नाही. म्हटलं, साहेब, काहीतरी चूक झाली आहे. ते म्हणाले, बसा. मी बसलो नाही. तेव्हा त्यांनी शांतपणे समजावलं, आणि समजावताना त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर आपुलकी होती. म्हणाले, "वाईट मलाही वाटतं. पण नकाशाची अट घालावी की नाही यावर समितीत बराच खल झाला. तेव्हा मी तुमचाच मुद्दा मांडला, मेश्राम. प्रत्यक्ष एका कामगारानं तो मांडला आहे, हेही सांगितलं. त्यानंतर कोणी हरकत घेतली नाही."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती त्या दिवशी गेली आणि आजही ती पुरती उतरलेली नाही. आग त्यांच्यावर होती तितकीच माझ्यावर होती. मी म्हटलं, ते माझं मत नव्हतं, चिठ्ठी होती. ते म्हणाले, "मुद्दा कोणाचा हे गौण असतं. मुद्दा खरा की खोटा, एवढंच पाहायचं." मी म्हटलं, मग त्याला वीट द्या, भिंत बांधून बघा, खरंखोटं तिथे होऊन जाऊ द्या. ते म्हणाले, नियम सर्वांना सारखा. वा रे सारखा! मताच्या वेळी सारखं नको होतं, परीक्षेच्या वेळी सारखं हवं झालं.

रविवारी मंडळात गेलो, सदरा न बदलता. विषय होता व्यक्तिप्रतिष्ठा. हसू नका, खरंच होता. मी उभा राहिलो आणि म्हटलं, मागच्या वादात जे बोललो ते मला परत घ्यायचं आहे, पाच मिनिटं द्या. दामलेसाहेब म्हणाले, मत बदलण्याचं स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे, पण आज विषय वेगळा आहे. मी म्हटलं, विषय वेगळा नाही, ज्या माणसाचं मी उदाहरण दिलं त्याला नाव आहे, त्याची बायको आजारी आहे, आणि तुम्ही त्याला माझ्या भाषणावरून काढलं. तेव्हा डॉक्टर म्हणाले, वादात व्यक्तिगत आणू नये. आणि हिशेबवाले गृहस्थ, तेच 'वा' म्हणणारे, चष्मा पुसत म्हणाले, "पण मेश्रामांनी मूळ ग्रंथ कुठे वाचला आहे? आपला नियम..."

"अजी, तुमचा नियम घाला चुलीत!" मी ओरडलो. माझी ती शिकलेली भाषा कुठच्या कुठे पळाली. "ग्रंथ नाही वाचला मी! तुमी भिंत वाचली का एक तरी? तुमच्यातला एक जन तरी त्या भट्टीत उतरला का कधी? त्या मानसाच्या बाजूले उभा राह्यला का? मी तुमच्या जागी येऊन बोललो, तुमी आमच्या जागी कधी आले, सांगा!"

कोणी चिडलं नाही. चिडले असते तर बरं झालं असतं. दामलेसाहेब तेवढ्याच हळू आवाजात म्हणाले, "आवाज चढला की मुद्दा पडतो, मेश्राम. शंका असेल तर लिहून द्या." मी चपला घातल्या आणि निघालो. त्या पायरीवर पुन्हा पाय ठेवला नाही.

फुशारकी मारायला ही गोष्ट इथे थांबवता आली असती, पण माझी बाजूही सांगतो. मी नोकरी सोडली नाही. माझ्या जागी डोमाजीला घ्या, असं म्हणालो नाही. वरच्या साहेबांकडे अर्ज लिहायला घेतला आणि दोन ओळींवर टाकला, कारण पक्की नोकरी मलाही हवी होती आणि तिच्या कागदावर सही दामलेसाहेबांची लागणार होती. मूग गिळून कामावर जात राहिलो. पुढे मी फोरमन झालो, क्वार्टर मिळालं, पोरं शिकली. ज्या क्वार्टराच्या गोष्टी डोमाजी सांगायचा, तसंच ते होतं.

त्याला ओरिसाकडच्या कामावर ठेकेदारानं बोलावलं. भिलाईच्या पॉवर हाऊस स्टेशनवर भर दुपारी आम्ही पोचवायला गेलो, मी आणि भिकाजी. त्याची बायको गाठोड्यावर बसून खोकत होती. भिकाजी पाणी भरायला नळावर गेला तेव्हा मी त्याला सगळं सांगून टाकलं. चिठ्ठी, भाषण, टाळ्या, त्याचंच उदाहरण, सगळं. मला वाटलं शिव्या घालेल. घातल्या असत्या तर मी पाय धरले असते आणि मोकळा झालो असतो.

त्यानं तंबाखू मळून तोंडात टाकला. मग म्हणाला, "त्याच्या जागी गेला, त्याची लेबल लावून पाह्यली. ते बराबर केलं. मीच सांगतलं होतं तुले."

"हाव, उस्ताद."

"मंग वापस काहून नाही आला?"

गाडी आली. त्यानं आधी बायकोला चढवलं, मग गाठोडं, मग करणी-पाणसळीची पिशवी, आणि शेवटी स्वतः चढला. खिडकीतून त्यानं भिकाजीला हात केला. मलाही केला, कारण न करणाऱ्यातला तो नव्हता. पुढे त्याची बायको गेल्याचं कोणाकडून तरी कळलं. त्याचं काय झालं ते कळलं नाही, आणि मी शोधलंही नाही.

आता संपादक महाशय, तुमच्या पत्राबद्दल. त्या अभ्यासमंडळात वाद सुसंस्कृत होते का? होते. कोणी कोणाचा अपमान केला नाही, आवाज चढवला नाही, मुद्द्याला मुद्द्यानं उत्तर दिलं. सगळा आरडाओरडा एकट्या मेश्रामनं केला. तुम्हाला नव्या पिढीला हेच शिकवायचं असेल तर खुशाल शिकवा. माझा नातू तुमच्याच नगरात कोचिंगला येतो. परवा घरी येऊन मला हिंदीत सांगून गेला की अनपढ लोगों को वोट ही नहीं देना चाहिए. मी विचारलं, कोण म्हणालं? म्हणाला, डिबेट में टॉपिक था, मैं जीता.

म्हणून हा कागद. डोमाजी उस्ताद, तुमाले वाचता येत नाही न तुमी आता असाल-नसाल, पन पन्नास वर्सांनी का होईना मी आपल्या जागी वापस आलो जी. माझी लेबल माझ्या थरावर ठेवली, उलटी करून पन पाह्यली. मी वाचून राहिलो होतो तो निस्ता कागद, न् भट्टी तुमच्या हातानं उभी झाली. ती तुमच्याच हाती होती, देणारे आमी कोन? तुमच्या मताचं वजन माझ्या मताएवढंच होतं, दामलेसाहेबाच्या मताएवढंच होतं. जास्त होतं म्हटलं असतं, पन तुमी मले बखोटीले धरून पुन्हा लेबल पाहाले लावलं असतं.

हे मी विचारून नाही राहिलो. हे माझं मत आहे.